सासूच्या नावाची सावली

"तुझ्या सासूच्या कानावर यातलं अक्षरही जाता कामा नये," कलिपा एजे म्हणाली आणि गोठ्याचं दार तिनं आतून ओढून घेतलं.

उल्कान गाय पिळत होती. कलिपा गावच्या दवाखान्याची नर्स. निम्मं गाव तिच्या हातावर जन्मलेलं, म्हणून लहानथोर सगळे तिला एजे, म्हणजे थोरली बहीण म्हणत. अशी बाई चहाला नको म्हणून थेट गोठ्यात शिरते तेव्हा काहीतरी बिनसलंय हे कळायला फार शहाणपण लागत नाही. तरी उल्कान धार काढत राहिली. अर्धी पिळलेली गाय सोडायची नसते.

"निकाल आले. त्या बसमध्ये छातीचे फोटो काढले होते ना, त्यांचे. तुझं ठीक आहे. पण तुझ्या सासूच्या फोटोत सावली आहे. डावीकडे, काखेच्या बाजूला."

"सावली म्हणजे?"

"सावली म्हणजे काय डोंगराची असते छातीत?" कलिपा खेकसली, आणि मग तिनंच आवाज उतरवला. "तो रोग गं. डॉक्टर तोंडानं तसं म्हणत नाहीत. सुई घालून तपासा म्हणतात, नव्या यंत्रावर पुन्हा फोटो काढा म्हणतात. पण त्यांच्या बोलण्याचा अर्थ लावण्यातच माझा जन्म गेला. तिला लवकर बिश्केकला, राजधानीच्या मोठ्या दवाखान्यात ने. दात दाखवायला म्हण, डोळे दाखवायला म्हण, काही म्हण. खरं सांगू नकोस. खरं कळलं की माणूस रोगाच्या आधी भीतीनं मरतं."

यात उल्कानला नवीन काही नव्हतं. या खोऱ्यात तो रोग ज्याला होतो त्याला कधी कळत नाही. घरच्यांना कळतो, शेजाऱ्यांना कळतो, दुकानदाराला कळतो. ज्याच्या अंगात असतो तो मात्र आपल्याला थंडी बाधली असं समजत समजत जातो, आणि सगळे त्याला 'वसंतापर्यंत बरे व्हाल हं' म्हणत राहतात.

"आणि गंमत सांगू?" दाराशी पोचलेली कलिपा वळली. गप्प राहणं त्या बाईच्या नशिबातच नव्हतं. "ती डॉक्टरीण फोनवर म्हणाली, आजींचं वय सासष्ट, पण छाती अगदी तरुण बाईसारखी भरीव आहे हो! सपाट फोटोत सगळं पांढरंफेक, सावली दिसली हेच नशीब. म्हटलं, बाई, आमच्या डोंगरातल्या म्हाताऱ्या तुमच्या शहरातल्या पोरींना हार जाणार नाहीत!"

ती हसली, डोळे पुसले, आणि सासूच्या थोरल्या मुलाला, तोलोगोनला आपण आधीच फोन केलाय, तो बहिणीला घेऊन शुक्रवारी येईल, असं सांगून निघून गेली.

उल्कानचे हात थांबले. गाईनं मान वळवून पाहिलं, शेपटी मारली, तरी ते थांबलेलेच राहिले. कारण त्या सपाट फोटोच्या यंत्रासमोर तिची सासू शेकेर अपा उभी राहिलीच नव्हती. तिथं उल्कान उभी राहिली होती.

बटाटे काढायच्या दिवसांत ती बस शाळेच्या अंगणात येऊन लागली होती. निम्म्या बायका मातीच्या हातांनी तशाच आल्या. कलिपानं पायरीवर चढून सगळ्यांना समजावलं होतं. बसमध्ये दोन यंत्रं आहेत, एक जुनं नि एक नवं. "आपली कत्तामा पोळी असते ना, थरांची? जुनं यंत्र ती पोळी वरून बघतं. नवं यंत्र एकेक थर उलगडून बघतं. आता आपल्यासारख्या बायका, ज्यांना तालुक्याच्या दवाखान्यात जायचं तर एक गाय शेजारणीच्या गळ्यात आणि पोरं देवाच्या हवाली, त्यांच्यासाठी कुठलं यंत्र जास्त कामाचं, ते या लोकांना ताडून पाहायचंय. म्हणून चिठ्ठ्या. मी देणार नाही, तुम्ही मागायचं नाही. टोपीतून हिरवी निघाली तर नवं, पिवळी निघाली तर जुनं. आणि आपसात अदलाबदल केलीत तर याद राखा!"

उल्कानला हिरवी आली. शेकेर अपाला पिवळी. कलिपानं तिथल्या तिथं चिठ्ठ्यांवर नावं घातली आणि ती पुढच्या रांगेकडे गेली.

"घ्या!" शेजारची सोनुन सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली. "सून नव्यावर आणि सासू जुन्यावर! काय काळ आलाय बघा गं."

"बरोबरच आहे," शेकेर अपा म्हणाली. "जुनी कढई जुन्या चुलीवर. आमचं आता काय बघायचं राहिलंय?"

हे ती ज्या सुरात म्हणाली तो सूर उल्कान बावीस वर्षं ओळखत होती. त्या सुराचा अर्थ एकच, की आता तूच काय ते समजून घे. आणि समजून घेण्यासारखं त्यात अवघड काय होतं? मेंढी कापली की कुठला तुकडा कुणाच्या ताटात जायचा हे पिढ्यान्पिढ्या ठरलेलं. चांगला वाटा वडीलधाऱ्यांचा. सून मांडीचं मांस खाते आणि सासू मान चघळते असं दृश्य या गावात कुणी पाहिलेलं नाही. नवं यंत्र चांगलं, असं कलिपानं स्वतःच सगळ्यांच्या देखत सांगितलं होतं. मग उल्काननं बसच्या आडोशाला हिरवी चिठ्ठी पुढं केली. "अपा, तुम्ही ही घ्या. मला काय, आज ना उद्या पुन्हा संधी मिळेल."

"मला गं काय करायचंय नवं न् बिवं?" म्हणत म्हणत शेकेर अपानं हिरवी चिठ्ठी मुठीत घेतली. चेहरा मात्र खुलला. त्या खुललेल्या चेहऱ्यानं उल्कानलाही बरं वाटलं. खोटं कशाला बोला.

आत शहरातली एक पोरगी पडद्याकडे बघत बसलेली. तिनं मान वर न करता पिवळी चिठ्ठी घेतली. "नाव काय? शेकेर?"

सासूचं नाव. ते उल्काननं लग्नाच्या दिवसापासून आजवर उच्चारलं नव्हतं. सुनेनं घ्यायचं नसतं. शेकेर म्हणजे साखर, तेव्हा बावीस वर्षं ती साखरेलाही 'पांढरं गोड' म्हणत आली होती. दुकानदार सुरुवातीला हसायचा, मग तोही तिच्याशी 'पांढरं गोड' असंच बोलायला लागला. आता त्या पोरीपुढं ती 'हो, मी शेकेर' कशी म्हणणार? तिनं नुसती मान हलवली. खोटं बोलायला तिला तोंड उघडावंच लागलं नाही. पोरीलाही वय बघायची सवड नव्हती. भुवयांपर्यंत रुमाल आणि वाऱ्यानं भाजलेली कातडी. आमच्या डोंगरात चाळिशीनंतर बाई नुसती बाई असते. थंडगार पाटी छातीवर आली, दाबली गेली, श्वास रोखा म्हणाले, तिनं रोखला. झालं.

गोठ्यात बसल्या बसल्या तिनं कोटाच्या आत हात घातला. डावीकडे, काखेच्या बाजूला. बोटं दुधानं ओली होती. लगेच काही लागलं नाही आणि ती सुटकेचा निःश्वास टाकणार, एवढ्यात लागलं. जर्दाळूची बी असते तेवढं, तसंच कठीण. दाबलं तरी दुखत नव्हतं. न दुखण्याचीच तिला जास्त भीती वाटली. ती घाबरली, इतकी घाबरली की बादलीची कड धरून तशीच बसून राहिली. पंचेचाळीस वर्षांची बाई, दोन मुली शिकायला शहरात, आणि कलिपा नुकतीच तिच्याच तोंडावर सांगून गेली होती की सासूला काही कळू देऊ नकोस.

नवऱ्याला सांगायचं तिनं ठरवलं होतं. सागिन तबेल्यात होता. ती आत गेली तर हा धिप्पाड माणूस घोडीच्या मानेत तोंड खुपसून हमसून हमसून रडत होता. त्यालाही फोनवर कळलं होतं.

"अहो," ती म्हणाली.

"आईला नको कळायला," तो घोडीच्या आयाळीतच बोलला. "लहानपणी मला ताप आला तर ती मला पाठीवर बांधून बर्फातून घेऊन गेली होती, ठाऊक आहे तुला? नदीसुद्धा गोठलेली."

ठाऊक होतं. ही गोष्ट तिनं शंभरदा ऐकली होती. पण नवऱ्याला रडताना ती पहिल्यांदाच पाहत होती, आणि तिच्या मनात एक नको तो विचार आला, की माझ्यासाठी हा असा रडेल का? त्या विचाराचीच तिला लाज वाटली. त्या लाजेत सांगायचं ते राहून गेलं.

"अपांना काही झालेलं नाही," एवढंच तिच्यानं म्हणवलं.

"तुझ्या तोंडात साखर पडो!" सागिन म्हणाला आणि तिचा हात घट्ट दाबला. त्याला वाटलं, बायको धीर देतेय.

शुक्रवारी दुपारी तोलोगोन आला. थोरला मुलगा, तालुक्याच्या शाळेत मुख्याध्यापक. बरोबर मधली बहीण अनिपा. कलिपाही आली. शेकेर अपाला सोनुनच्या घरी लोकर पिंजायला धाडून दिलं होतं. सगळे गालिच्यावर बसले, तोलोगोन दारासमोरच्या मानाच्या जागी आणि उल्कान दाराजवळ चहाच्या सामोवाराशी, सुनेच्या जागी. तिथून उठायचं कारण फक्त एकच, पाणी संपणं.

"मी विचारलंय चार लोकांना," तोलोगोन म्हणाला. "म्हातारपणी हा रोग गोगलगायीच्या चालीनं चालतो. त्याला डिवचलं नाही तर माणूस दहा-दहा वर्षं काढतं. आणि सुई लागली की तो खवळतो."

"कोण म्हणतं खवळतो?" कलिपा भडकली. "रोग आहे तो, कुत्रा नाही! सुईनं तपासल्याशिवाय कळणार कसं काय आहे ते?"

"एजे, तुमचा मान राखून सांगतो. आईचं हृदय अशक्त. तिला शहरात न्यायचं, कापायचं, केस गळायचे. ती विचारेल, कशासाठी? काय सांगणार?"

"आईचे केस!" अनिपा म्हणाली आणि रुमालात तोंड लपवून रडू लागली. सासष्टाव्या वर्षीही शेकेर अपाच्या वेण्या कमरेखाली येत, आणि त्याचा तिला अजून तोरा होता.

"सागिन, तू बोल. तुझ्या घरात राहते ती."

"तुम्ही म्हणाल तसं, दादा," सागिन म्हणाला. चहा त्यानं हातातही घेतला नव्हता.

उल्कान ओतत होती. प्याला भरायचा, उजव्या हातानं पुढं करायचा, डावा हात छातीशी. दर वेळी तो डावा हात आपोआप छातीशी जात होता आणि दर वेळी तिला ते आठवत होतं. बोल, ती स्वतःला म्हणत होती. आता बोल. पण वडीलधाऱ्यांच्या बैठकीत ती आजवर 'अजून घ्या ना' याच्या पलीकडे काही बोलली नव्हती. शिवाय बोलायचं म्हणजे काय सांगायचं? की मी सासूचं नाव लावून उभी राहिले? कलिपा एजेला गावभर तोंडघशी पाडलं? तिला वाटत होतं, कुणीतरी म्हणेल, चला, नेऊन तर बघू. मग बिश्केकला गेल्यावर हळूच डॉक्टरीणबाईच्या कानात सांगता येईल. ती त्याचीच वाट पाहत राहिली. पण ते कुणी म्हणेना.

"मग ठरलं," तोलोगोन म्हणाला. "सुई नको, कापाकापी नको. दूध, मध, विश्रांती. ती तिच्या घरात, तिच्या अंथरुणात, आपल्या माणसांत राहील. जेवढे दिवस वर लिहिलेत तेवढे."

"हे पाप आहे," कलिपा म्हणाली, पण दमलेल्या आवाजात.

तोलोगोननं दोन्ही तळवे छातीसमोर उघडले. अनिपानं उघडले, सागिननं उघडले, शेवटी कलिपानंही उघडले. दुवा मागताना हात मांडीवर ठेवून कोण बसणार? आता तो चार शब्द बोलेल, सगळे 'ओमिन' म्हणून तळवे चेहऱ्यावरून फिरवतील, आणि मग ते मोडायला घरात कुणाची छाती होणार नाही. फक्त उल्कानचे हात वर आले नाहीत. तिच्या हातात किटली होती. तोलोगोननं तिच्याकडे पाहिलं. किटली ठेव, असं ते पाहणं होतं.

"ते माझं आहे," उल्कान म्हणाली.

"काय तुझं?"

"फोटो. सावली." आवाज तिला परक्या बाईचा वाटला. "मी चिठ्ठी बदलली होती. अपा नव्यावर गेल्या. जुन्यावर मी उभी राहिले, त्यांच्या चिठ्ठीवर. मला लागतंय हाताला, इथं. जर्दाळूच्या बीएवढं."

तोलोगोनचे तळवे तसेच हवेत उघडे. आणि मग अनिपा ओरडली.

"म्हणजे आई बरी आहे!"

ती हसत होती. गालांवर आसवं आणि ती हसत होती, भावाचा दंड धरून हलवत होती. "अरे, आईला काही नाही झालेलं! देवा रे!" तोलोगोनच्या खांद्यांवरचं ओझं उतरताना दिसलं, आणि त्याचं तोंड हसू यावं तसं सैल झालं. आणि सागिन. त्याचा चेहरा लख्ख उजळला. एक क्षणच, जेमतेम एक क्षण, आणि मग त्याला कळलं आपण काय ऐकलंय, आणि तो चेहरा डोळ्यांदेखत कोसळला. पण तो एक क्षण उल्काननं पाहिला होता. पंचेचाळीस वर्षांत कशानंही तिला बसला नसेल असा धक्का तिला त्या क्षणानं बसला. रोगाच्या बातमीनंसुद्धा नाही.

"गालिच्यात तोंडं घाला तुमची!" कलिपा ताडकन उठली. "हसता कुणाला? आणि तू गं, मी घसा फोडून सांगितलं होतं, अदलाबदल करू नका! या वयात तो गोगलगाय नसतो, कळतंय का? घोडा असतो घोडा!"

"कोण बरं आहे?"

दारात शेकेर अपा उभी होती. बाह्यांना लोकरीचे पुंजके चिकटलेले, रुमाल सुटलेला. "सोनुननं मला मेंढीचं शेपूट, पाहुण्याचा मानाचा तुकडा, खायला घातलं आणि वर रडली. तिची सून रडली. बकरीसुद्धा रडेल की काय असं वाटलं. जिवंत माणसाकडे असं बघतात होय? म्हटलं घरी जाऊन विचारावं, मी कधी मेले ते."

म्हातारी दाराबाहेर बराच वेळ उभी असावी. तिनं सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली आणि ती उल्कानवर येऊन थांबली.

"पिवळी चिठ्ठी," ती म्हणाली.

उल्काननं मान हलवली.

"मला ठाऊक होतं तुझ्या हातात हिरवी आहे. आल्याबरोबर पाहिली होती. आणि मी कढई-चुलीचं बोलले." शेकेर अपानं सुटलेला रुमाल डोक्यावरून ओढून काढला. "मला तो वाटा हवा होता. सोनुनसमोर हवा होता. तुझ्या तोंडचा काढून खाल्ला मी."

"अपा, असं नका बोलू. सावली जुन्या यंत्रातही दिसलीच ना..."

"तू गप्प." ती थोरल्या मुलाकडे वळली. "हात कशाला उघडलेत?"

तोलोगोननं हात पाहिले, जणू ते अजून उघडे आहेत हे त्याला आत्ता कळलं. "आई, आम्ही तुझ्यासाठी..."

"ऐकलं. दूध, मध आणि अंथरूण. माझ्यासाठी ते चालेलही. आता हिच्यासाठी काय ठरवताय?"

अनिपानं तोलोगोनकडे पाहिलं, तोलोगोननं सागिनकडे. फार वेळ गेला असं नाही, पण गेला. मग सागिन उठून उभा राहिला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "उद्या पहाटेची गाडी. मी नेतो." तो बायकोकडे बघू शकत नव्हता.

"मी पण येणार," शेकेर अपा म्हणाली. "तिथं त्या पोरीला सांगायला, की शेकेर मी आहे. तोलोगोन, उघडलेच आहेत हात, तर त्या गाडीसाठी दुवा माग."

तोलोगोननं मागितली. या वेळी शब्द सापडायला त्याला उशीर लागला. सगळ्यांनी 'ओमिन' म्हणून तळवे चेहऱ्यावरून फिरवले, उल्काननंही.

"ऊठ तिथून," शेकेर अपा तिला म्हणाली.

उल्कानला वाटलं, आता बोलणी बसणार. ती उठली. पण म्हातारीनं बोट दाखवलं ते दारासमोरच्या मानाच्या जागेकडे. तोलोगोन निमूट बाजूला सरकला. उल्कान तिथं जाऊन टेकली आणि हातांचं काय करायचं ते तिला कळेना, म्हणून तिनं ते गुडघ्यांवर ठेवले. इथून खोली वेगळीच दिसत होती. खिडकीतून पार शाळेपर्यंत दिसत होतं.

शेकेर अपा सुनेच्या जागी बसली. गुडघे वाकवताना कण्हली, बाह्यांवरची लोकर झटकली, आणि एक प्याला जवळ ओढला. आमच्याकडे नकोशा पाहुण्याला काठोकाठ भरून देतात, म्हणजे तो पिऊन उठतो. ज्यानं उठूच नये असं वाटतं त्याचा प्याला कधी भरत नाहीत. म्हातारीनं किटली कलती केली, तळ भिजला न भिजला तोच थांबवली. प्याला अनिपाच्या हातातून तोलोगोनच्या, तोलोगोनच्या हातातून सागिनच्या हातात गेला. सागिननं तो दोन्ही हातांनी बायकोपुढं धरला.

उल्काननं तो एका घोटात संपवला आणि परत केला. शेकेर अपानं पुन्हा तळापुरताच ओतला.